मधुमेहात किडनी बिघडणार हे रक्त आधी सांगतं का? क्रिएटिनिन, सिस्टॅटिन सी आणि नवे मार्कर

गाळणी (धागाकर्ता)

मधुमेहींपैकी साधारण २० ते ४० टक्के लोकांना पुढे किडनीचा दीर्घकालीन आजार होतो. उरलेल्यांपैकी कित्येकांची साखर वर्षानुवर्षं चढी असूनही किडनी टिकते. कोण कुठल्या गटात जाणार हे आधी कळावं म्हणून रक्तातल्या मार्करांचा (आधीच इशारा देणाऱ्या द्रव्यांचा) शोध चालू आहे, आणि दर थोड्या दिवसांनी एखाद्या नव्या प्रथिनाचं नाव पुढे येतं. इथे लॅबमधले, औषधशास्त्रातले, संख्याशास्त्रातले लोक आहेत, तेव्हा विषय एकदा सविस्तर लावून धरू.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नवा मार्कर कामाचा तेव्हाच, जेव्हा तो ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा रक्तावरून काढलेला अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (गळून येणारं रक्तातलं प्रथिन) या दोन जुन्या आकड्यांच्या पलीकडचं काही सांगतो आणि त्यामुळे उपचारात काही बदल होतो. आणि हे दोन जुने आकडे नीट काढले, नीट वाचले, तर बराचसा अंदाज तिथेच लागतो.

क्रिएटिनिनपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते गाळून टाकते. रक्तातली पातळी आणि गाळण्याचा वेग यांचं नातं व्यस्त आहे: वेग निम्मा झाला की पातळी साधारण दुप्पट होते. ज्याची स्वतःची नेहमीची पातळी ०.६ मिग्रॅ प्रति डेसिलिटर आहे, त्याची गाळण्याची क्षमता अर्ध्यावर आली तरी रिपोर्टवर १.२ दिसणार, म्हणजे बऱ्याच लॅबच्या 'नॉर्मल'मध्येच. त्यामुळे 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे' या वाक्यावर थांबू नये. ईजीएफआर काढावाच.

२०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तो हातानेही काढता येतो. पुरुषासाठी क्रिएटिनिनला ०.९ ने भागा, स्त्रीसाठी ०.७ ने. भागाकार १ पेक्षा मोठा असेल तर त्याचा उणे १.२ वा घात घ्या. १ पेक्षा लहान असेल तर पुरुषासाठी उणे ०.३०२ वा, स्त्रीसाठी उणे ०.२४१ वा. त्याला १४२ ने गुणा, मग ०.९९३८ चा वयाइतका घात काढून त्याने गुणा, आणि स्त्री असेल तर शेवटी १.०१२ ने. आता क्रिएटिनिन १.१ घ्या. ३५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर येतो सुमारे ९०, आणि ६५ वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ५६. रिपोर्टवरचा आकडा तोच, पण एकाची किडनी ठीक आणि दुसरीचा आकडा तीन महिने तसाच, ६० च्या खाली, राहिला तर तो किडनीचा दीर्घकालीन आजार ठरतो.

दुसरी अडचण मधुमेहाचीच आहे. सुरुवातीच्या काळात वाढलेल्या साखरेमुळे गाळण्याचा वेग उलट वाढतो. १३० वरून ९५ वर आलेला माणूस कागदावर निरोगी दिसतो, पण त्याने चौथा हिस्सा गमावलेला असतो. शिवाय वरच्या पट्ट्यात क्रिएटिनिनवरची सूत्रं फारशी अचूक नसतात, म्हणून हा काळ हातातून निसटतो. नव्या मार्करांची खरी गरज आहे ती इथे.

लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराबद्दल थोडक्यात, कारण धागा रक्ताचा आहे. ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ए१ गट, ३० ते ३०० ए२, त्यावर ए३. टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून दर वर्षी, टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी सुरू करून दर वर्षी. साध्या पट्टीच्या चाचणीला सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन दिसत नाही, म्हणून गुणोत्तरच हवं. पण कित्येक मधुमेहींची किडनी अल्ब्युमिन अजिबात न वाढताही खालावते. म्हणून एकट्या लघवीवरही विसंबता येत नाही.

आता सिस्टॅटिन सी, टीएनएफ रिसेप्टर, किम-१ अशा रक्तातल्या इतर मार्करांवर बोलू या. लॅबवाल्यांनी आधी मोजमापाचं सांगावं.

जांभळं_झाकण

धाग्याबद्दल आभार. क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने मोजलं हे रिपोर्टवर छापलेलं असतं, ते वाचायची सवय हवी. जॅफे पद्धत १८८६ सालची. अल्कली पिक्रेटशी होणारा नारिंगी रंग मोजायचा. पण हा रंग एकट्या क्रिएटिनिनचा नसतो. ॲसिटोॲसिटेटसारखे कीटोन, खूप वाढलेलं ग्लुकोज, प्रथिनं, काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं यांनीही तो येतो, तर बिलिरुबिनने कमी दिसतो. म्हणजे ज्या रुग्णाबद्दल आपण बोलतोय त्याच्याच रक्तात गोंधळ घालणारी द्रव्यं असतात. कीटोॲसिडोसिसमध्ये जॅफेने आलेलं २.० हे खरोखर २.० असेलच असं नाही. एन्झाइम पद्धतीत ही अडचण बरीच कमी. पाठोपाठच्या दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळी पद्धत एकच असावी, शक्यतो लॅबही एकच.

दशांश स्थळांचं कोणी फारसं बोलत नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. काही रिपोर्टांवर क्रिएटिनिन एकाच दशांशात येतं. ५० वर्षांच्या पुरुषाचं ०.९ असेल तर ईजीएफआर १०४, आणि १.० असेल तर ९२. प्रत्यक्षात ०.९४ चं ०.९६ झालेलं असू शकतं, पण कागदावर १२ अंकांची घसरण दिसते आणि माणूस घाबरतो. दोन दशांश मागून घ्या.

नमुना द्यायच्या आधीचं: शिजवलेलं मांस खाल्लं की काही तास क्रिएटिनिन वाढतं, म्हणून आदल्या १२ तासांत मांस नको. क्रिएटिनची पूरकं घेत असाल तर सांगा. ट्रायमेथोप्रिम आणि सिमेटिडीन नलिकांमधून होणारा क्रिएटिनिनचा स्राव अडवतात, त्यामुळे गाळण्याचा वेग तोच असूनही आकडा चढतो. फेनोफायब्रेट मधुमेहात बऱ्याच जणांना दिलेलं असतं, त्यानेही क्रिएटिनिन वाढतं आणि औषध थांबवल्यावर सहसा उतरतं.

एकक बदललेलं असेल तर मिग्रॅ प्रति डेसिलिटरला ८८.४ ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतं.

गाळणी

दशांशाचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून: केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात लागोपाठच्या दोन तपासण्यांत ईजीएफआर २० टक्क्यांहून जास्त बदलला तरच तो नेहमीच्या चढउतारापलीकडचा मानून कारण शोधायला सांगितलं आहे. अल्ब्युमिन गुणोत्तरासाठी हीच रेषा आहे दुप्पट होण्याची. ८० चं ९५ झालं म्हणून औषध बदलू नये, आणि ९५ चं ८० झालं म्हणून निर्धास्तही होऊ नये.

शंकासूर

सिस्टॅटिन सी हेही किडनी गाळते, पण ते क्रिएटिनिनसारखं स्नायूंवर अवलंबून नसतं, एवढं वाचलंय. पण दोन्ही एकदम केली आणि क्रिएटिनिनवरून ईजीएफआर ८२ आला, सिस्टॅटिनवरून ५८, तर खरा कुठला? अशी तफावत दिसली की काय करायचं हे कोणी नीट मांडेल का?

गाळणी

शंकासूर, आधी दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या बाजूने होतात हे लक्षात घ्या. सिस्टॅटिन सी हे १३ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन. केंद्रक असलेली प्रत्येक पेशी ते जवळपास एका गतीने तयार करते, ग्लोमेरुलसमधून (किडनीतल्या सूक्ष्म गाळणीतून) ते सहज गाळलं जातं, आणि पुढच्या नलिकेत शोषलं जाऊन तिथेच त्याचं विघटन होतं. रक्तात परत येत नाही, म्हणून रक्तातली पातळी गाळण्याचा वेग सांगते. पण स्टेरॉइडने, थायरॉइड वाढल्याने, लठ्ठपणाने, धूम्रपानाने आणि शरीरातल्या दाहाने ते वाढतं. थायरॉइड कमी असेल तर सिस्टॅटिन उतरतं आणि क्रिएटिनिन नेमकं उलट चढतं. म्हणून तफावत दिसली की पहिलं काम टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) बघायचं, दुसरं औषधांच्या यादीत स्टेरॉइड आहे का ते बघायचं.

ही कारणं नसतील तर माणसाकडे बघा. स्नायू झिजलेले, वजन उतरलेलं, पाय कापलेला, दीर्घ आजारपण, असं असेल तर क्रिएटिनिन खोटं कमी आलेलं असतं आणि ५८ च्या बाजूला खरं जास्त. व्यायामाने कमावलेलं शरीर असेल तर उलट घडतं: क्रिएटिनिन उगाच चढं दिसतं आणि सिस्टॅटिनचा आकडा चांगला येतो. कारण सापडलं नाही तर दोन्ही एकत्र घालून काढायचं २०२१ चं सूत्र वापरा, एकेकट्या सूत्रापेक्षा ते प्रत्यक्ष मोजलेल्या गाळण्याच्या वेगाच्या (जीएफआरच्या) जास्त जवळ जातं. केडिगोनेही २०२४ मध्ये, सिस्टॅटिन उपलब्ध असेल तर, एकत्रित सूत्राचीच शिफारस केली आहे. औषधाचा डोस ठरवताना या २४ अंकांनी फरक पडतो, म्हणून अशा वेळी क्रिएटिनिनचा एकटा आकडा धरून चालू नये.

आणि एक. सिस्टॅटिनवरचा आकडा क्रिएटिनिनवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी येणं हे स्वतःच वाईट लक्षण आहे. अशा लोकांमध्ये पुढे हृदयविकार आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं. तफावत ही चूक समजून सोडून देण्यासारखी नाही.

जांभळं_झाकण

सिस्टॅटिनचा जुना रिपोर्ट काढून तुलना करणाऱ्यांसाठी: त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य २०१० मध्ये आलं. लॅबची पद्धत त्याला जोडलेली आहे का हे विचारा, नसेल तर सूत्रात तो आकडा घालू नका. उपाशीपोटी देण्याची गरज नाही.

नलिका

मी टीएनएफ रिसेप्टर आणि किम-१ वर लिहिते.

मधुमेहात ग्लोमेरुलसची गाळणी खराब होते आणि त्यातून अल्ब्युमिन गळतं, ही नेहमीची मांडणी. पण किडनी संपते ती मुख्यतः नलिका आणि त्यांच्या भोवतीचं ऊतक तंतुमय होऊन. दाह, नलिकांची इजा आणि तंतुमयता यांचा अंदाज अल्ब्युमिनवरून थेट येत नाही, आणि नवे मार्कर नेमके त्या बाजूचे आहेत.

टीएनएफआर-१ आणि टीएनएफआर-२ हे टीएनएफ या दाह घडवणाऱ्या प्रथिनाचे पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, त्यांचे तुकडे सुटून रक्तात फिरतात. २०१२ मध्ये जोस्लिन डायबिटीस सेंटरच्या गटाने दोन शोधनिबंध दिले, एक टाइप १ वर आणि एक टाइप २ वर. ज्यांची पातळी सर्वांत वरच्या गटात होती त्यांची किडनी पुढच्या वर्षांत फार जास्त प्रमाणात ढासळली, आणि हा संबंध अल्ब्युमिन व सुरुवातीचा जीएफआर हिशेबात धरल्यावरही टिकला. हे टिकणं महत्त्वाचं. २०१९ मध्ये त्याच गटाने १९४ दाहसंबंधी प्रथिनं तपासून १७ प्रथिनांचा एक संच मांडला, त्यात टीएनएफ रिसेप्टर कुळातली बरीच आहेत. तो संच टाइप १, टाइप २ आणि अमेरिकेतल्या पिमा या आदिवासी समाजातल्या मधुमेहींमध्येही लागू पडला.

किम-१ चं ठिकाण वेगळं. निरोगी नलिकेत ते जवळजवळ नसतंच, नलिकेला इजा झाली की तिच्या पेशी ते तयार करतात. काही लघवीत जातं, काही रक्तात. रक्तातलं किम-१ नलिकेच्या इजेशी बऱ्यापैकी निगडित आहे, म्हणून टीएनएफ रिसेप्टरच्या जोडीला ते वापरलं जातं: एक दाह सांगतो, दुसरं इजा.

सूपार या दाहाशी निगडित प्रथिनाबद्दल जपून बोलावं. २०१५ पासून त्याचा बराच बोलबाला आहे आणि किडनीच्या पुढच्या घसरणीशी त्याचा संबंध दिसतोही, पण संसर्ग, कर्करोग, हृदयविकार, धूम्रपान, कशानेही ते वाढतं. वाढलेलं आलं तर कशामुळे, याचं उत्तर ते देत नाही. एनगॅल या नलिकेच्या इजेच्या मार्करचंही तसंच, ते अचानक झालेल्या इजेसाठी ठीक. मधुमेहाच्या संथ आजारात दोन जुन्या आकड्यांवर ते फारशी भर घालत नाही.

एक सापळा सगळ्यांना लागू. छोटी प्रथिनं किडनीच गाळून टाकते. जीएफआर उतरला की रक्तात ती आपोआप साचतात. त्यामुळे 'किडनीच्या रुग्णांमध्ये अमुक प्रथिन वाढलेलं आढळलं' या वाक्याला भाकितासाठी किंमत शून्य. सुरुवातीचा जीएफआर सारखा असलेल्या दोन गटांत पुढे जाऊन फरक पडला का, हेच विचारायचं.

मध्यगा

नलिका, शेवटचा परिच्छेद अगदी नेमका. त्याचीच आकडेमोड करून दाखवतो.

समजा एक चाचणी आहे, संवेदनशीलता ८० टक्के (खालावणाऱ्यांपैकी इतके ओळखते), विशिष्टता ८० टक्के (टिकणाऱ्यांपैकी इतक्यांना बरोबर वगळते). ऐकायला छान. आता १००० मधुमेही घ्या, किडनी चांगली असलेले, ज्यांच्यातल्या ५ टक्के लोकांची पुढच्या काही वर्षांत खालावणार आहे. म्हणजे ५० जण. चाचणी त्यातले ४० पकडते. उरलेल्या ९५० मधल्या १९० जणांनाही धोका आहे असं सांगते. 'जास्त धोका' असा कागद हातात आलेल्या २३० लोकांपैकी खरोखर खालावणारे फक्त ४०, म्हणजे १७ टक्के. उलट 'कमी धोका' म्हटलेल्या ७७० पैकी ७६० जणांची किडनी टिकते, जवळपास ९९ टक्के.

तीच चाचणी अशा गटात लावा जिथे २० टक्के खालावणार आहेत. तिथे धोका सांगितलेल्या ३२० पैकी १६० खरे, म्हणजे निम्मे. चाचणी बदलली नाही, माणसं बदलली. म्हणून कुठल्याही मार्करचा अभ्यास वाचताना पहिला प्रश्न: कोणावर? विशेष दवाखान्यात आलेल्या, अल्ब्युमिन आधीच वाढलेल्या लोकांवरचा निकाल नुकतंच निदान झालेल्यांना लावला की अंदाज फुगतो.

दुसरा प्रश्न: कशाचं भाकीत? डायलिसिसपर्यंत जाणं, ईजीएफआर ४० टक्क्यांनी घसरणं आणि अल्ब्युमिन ३० च्या वर जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी घटना कित्येकांमध्ये आपोआप मागेही फिरते. ती ओळखली म्हणून किडनी निकामी होणं ओळखलं असं होत नाही.

तिसरा प्रश्न: तुलना कशाशी? वय, लिंग, ईजीएफआर आणि अल्ब्युमिन गुणोत्तर एवढ्या चारच गोष्टींवर बेतलेलं किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशन २०११ पासून आहे. जी३ ते जी५ टप्प्यासाठी (ईजीएफआर ६० च्या खाली) ते खूप चांगलं चालतं आणि अनेक देशांत तपासून झालं आहे. नव्या मार्करने याला मागे टाकलं का? 'नुसत्या एचबीएवनसीपेक्षा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीपेक्षा) सरस' असं म्हणणाऱ्या निबंधाने सोपा प्रतिस्पर्धी निवडला आहे.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे सांगितलेला धोका प्रत्यक्षाशी जुळतो का. मॉडेल माणसांचा क्रम बरोबर लावेल, तरी १० टक्के धोका सांगितलेल्यांत प्रत्यक्षात २५ टक्के बिघडतील, किंवा ३. सी-स्टॅटिस्टिक (क्रम किती बरोबर लागला याचा आकडा) कितीही चांगलं असलं तरी हे त्यात दिसत नाही. आलेख वेगळा मागावा.

उजळणी

बाजारात आलेल्या चाचण्यांबद्दल कोणीच बोललं नाही, ते मी टाकतो. दोन नावं माहीत असावीत.

किडनीइंटेलएक्स.डीकेडी: टीएनएफआर-१, टीएनएफआर-२ आणि किम-१ या तीन रक्तमार्करांना रुग्णाच्या नेहमीच्या माहितीची जोड देऊन धोक्याची पातळी ठरवते. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये तिला परवानगी दिली. ती टाइप २ मधुमेह आणि किडनीचा आजार सुरू झालेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रौढांसाठी आहे. किडनी अजून ठीक असलेल्यांसाठी नाही.

प्रोमार्करडी ही ऑस्ट्रेलियातली. ॲपोए४, सीडी५एल आणि आयजीएफबीपी३ ही तीन प्रथिनं, सोबत वय, एचडीएल आणि ईजीएफआर. फ्रीमँटल डायबिटीस स्टडीतल्या लोकांवर ती बांधली गेली आणि पुढच्या ४ वर्षांचा धोका सांगते. हिचा उद्देश किडनीचा आजार अजून नसलेल्यांमध्ये तो होण्याचा अंदाज घेणं हाही आहे. म्हणजे मध्यगा यांनी मांडलेलं ५ टक्क्यांचं गणित तिला जास्त लागू होतं: 'कमी धोका' हे उत्तर भरवशाचं, 'जास्त धोका' हे उत्तर लक्ष ठेवायला सांगणारं.

दोन्हींत ईजीएफआर किंवा तत्सम जुनी माहिती आत आहेच, हेही लक्षात घ्या. एकट्या प्रथिनावर यांतली कुठलीच चाचणी विसंबत नाही.

औषधी

धोका कळला, पुढे काय? माझ्या दृष्टीने मार्करची खरी परीक्षा ही.

किडनी वाचवणारी औषधं आता हातात आहेत. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (रक्तदाबाची औषधं), एसजीएलटी-२ इनहिबिटर (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी), फिनेरेनोन, आणि २०२४ च्या फ्लो चाचणीनंतर सेमाग्लुटाइड. टाइप २ मध्ये किडनीचा आजार असेल आणि ईजीएफआर २० किंवा जास्त असेल तर एसजीएलटी-२ ची शिफारस सगळ्यांनाच आहे. तिथे धोका कमी की जास्त असं विचारून थांबायचं कारण नाही. मार्करचा उपयोग होईल तो अल्ब्युमिन आणि ईजीएफआर दोन्ही अजून ठीक असलेल्यांमध्ये, किंवा दुसरं-तिसरं औषध लवकर जोडायचं का हे ठरवताना.

औषध सुरू झालं की मार्कर वाचण्याची पद्धत बदलते, आणि इथे लोक चांगली औषधं हकनाक बंद करतात. एसजीएलटी-२ सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. ग्लोमेरुलसमधला वाढलेला दाब कमी झाल्याची ती खूण असते, त्यानंतर घसरणीचा वेग मंदावतो. एसीई किंवा एआरबी सुरू केल्यावर, डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. ४ आठवड्यांच्या आत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर औषध चालू ठेवायचं. त्याहून जास्त वाढलं तर शरीरातलं पाणी कमी झालंय का, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, किडनीच्या धमनीत अरुंदपणा आहे का, हे शोधायचं.

मार्कर आणि कारण यांतला फरक युरिक ॲसिडने शिकवला. वाढलेलं युरिक ॲसिड किडनीच्या घसरणीच्या आधी दिसतं, हे कित्येक अभ्यासांत आलेलं. मग २०२० मध्ये टाइप १ मधुमेहींवरची पर्ल चाचणी आली. ॲलोप्युरिनॉलने युरिक ॲसिड उतरलं, पण जीएफआरची घसरण तशीच राहिली. गाउट नसताना केवळ किडनीसाठी युरिक ॲसिडची गोळी घेण्यात अर्थ नाही. टीएनएफआर-१ वाढलं म्हणून टीएनएफ अडवणारी औषधं द्यावीत असा तर्कही याच कारणाने नको.

शंकासूर

एक उपप्रश्न. एचबीएवनसी किडनीच्या रुग्णांत खोटी कमी येते असं ऐकलं आहे. मग धोका मोजताना ती धरायची का?

नलिका

पुढच्या टप्प्यात, विशेषतः जी४-जी५ मध्ये (ईजीएफआर ३० च्या खाली), ती खोटी कमी येते. तांबड्या पेशींचं आयुष्य कमी होतं, हिमोग्लोबिनला साखर चिकटायला कमी वेळ मिळतो, आणि एरिथ्रोपोएटिन चालू असेल तर नव्या पेशींमुळे आकडा आणखी उतरतो. तिथे सेन्सरने मोजलेली साखर किंवा बोटातून घेतलेले रोजचे आकडे जास्त विश्वासाचे. जी१ ते जी३ मध्ये एचबीएवनसी चालते, मात्र रक्तक्षय किंवा लोहाची कमतरता असेल तर ते आधी बघून घ्या.

दुसरी_बाजू

इथपर्यंतच्या चर्चेत सगळ्यांनी एक गृहीत धरलंय: मधुमेहीची किडनी बिघडली म्हणजे मधुमेहानेच बिघडली. असं नेहमी नसतं, आणि ही गल्लत महागात पडते कारण दुसऱ्या आजारांवर वेगळे उपचार असतात.

संशय कधी घ्यायचा? काही आठवड्यांत अचानक भरपूर प्रथिनं जायला लागली. लघवीत तांबड्या पेशी किंवा त्यांचे साचे दिसले. ईजीएफआर महिन्या-महिन्याला कोसळतोय. टाइप १ असून ५ वर्षंही झाली नाहीत. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची काहीच खूण नाही, हे टाइप १ मध्ये फार बोलकं, टाइप २ मध्ये कमी.

अशा वेळी रक्तातले वेगळे मार्कर लागतात. पीएलए२आर विरोधी प्रतिपिंड मिळाले तर मेम्ब्रेनस नेफ्रोपथी (रोगप्रतिकार यंत्रणेमुळे होणारा गाळणीचा आजार) असण्याची शक्यता फार मोठी. वय जास्त असेल, रक्तक्षय किंवा हाडदुखी असेल तर प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन (अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या शंकेने). कॉम्प्लिमेंट सी३-सी४, एएनए, अँका, हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही परिस्थितीनुसार. टीएनएफआर-१ इथे काहीच सांगणार नाही, ते या सगळ्यांतच वाढलेलं सापडेल.

गाळणी

दुसरी_बाजू, हे मूळ लेखात यायला हवं होतं. लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अजूनही या कामात सर्वांत उपयोगी चाचण्यांपैकी एक आहे.

जांभळं_झाकण

नव्या मार्करांच्या मोजमापाबद्दल, कारण पुढे हे रिपोर्ट लोकांच्या हातात येणार आहेत.

टीएनएफआर-१ एका पद्धतीत पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर येतं, दुसऱ्या प्रोटिओमिक्स (एकाच वेळी अनेक प्रथिनं मोजणाऱ्या) पद्धतीत एनपीएक्स नावाच्या सापेक्ष एककात. एनपीएक्स हे २ या पायाचं लॉगरिदम आहे, १ ने वाढलं म्हणजे पातळी साधारण दुप्पट. एका अभ्यासातली मर्यादारेषा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याला लावता येत नाही. क्रिएटिनिनसारखं सर्वमान्य प्रमाणीकरण इथे अजून झालेलं नाही.

नमुना सीरम की ईडीटीए प्लाझ्मा, हे किटप्रमाणे पाळायचं, अदलाबदल करायची नाही. गोठवून वितळवण्याच्या फेऱ्या कमीत कमी. बायोटिनची मोठ्या डोसातली गोळी चालू असेल तर बायोटिन-स्ट्रेप्टॲव्हिडिन वापरणाऱ्या सँडविच चाचण्या खोट्या कमी येतात, केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते असतं. आणि ताप, न्यूमोनिया, पायाची चिघळलेली जखम असताना दाहाचे मार्कर काढूच नयेत. मधुमेहात पायाची जखम सर्रास असते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. जखम भरू द्या, मग नमुना द्या.

मध्यगा

किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशनच्या आकड्यांचं करायचं काय, हेही इथे असू दे. पुढच्या ५ वर्षांतला धोका ३ ते ५ टक्के आला की नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवणी. २ वर्षांतला धोका १० टक्क्यांवर गेला की आहारतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ, परिचारिका अशा पूर्ण चमूची देखरेख. २ वर्षांत ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिससाठीची शिर जोडणी, प्रत्यारोपण यांची तयारी. हे उंबरठे केडिगोचे आहेत. ईजीएफआर ६० च्या वर असेल तर मात्र हे समीकरण वापरू नका, ते त्या लोकांवर बेतलेलंच नाही.

अनुस्वार

उत्तम धागा. घरच्या घरी नोंद ठेवायची तर काय काय लिहावं? घसरणीचा वेग किती रिपोर्टांवरून काढता येतो?

मध्यगा

दोन रिपोर्टांवरून काढूच नका, दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. किमान ४-५ नोंदी आणि निदान दीड-दोन वर्षांचा काळ हवा. तारीख आडव्या अक्षावर, ईजीएफआर उभ्या अक्षावर, रेषा बसवा. वयाबरोबर वर्षाला साधारण १ ने कमी होणं अपेक्षित असतं. वर्षाला ५ पेक्षा जास्त आणि सातत्याने, ही वेगवान घसरण समजतात. आजारपणात, रुग्णालयात दाखल असताना काढलेले आकडे वेगळ्या रंगात ठेवा आणि रेषेतून वगळा. औषध सुरू केल्याची तारीख आलेखावर उभ्या रेघेने दाखवा आणि सुरुवातीची घट संपल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनंतरच्या बिंदूंपासून नवी रेषा काढा. नाहीतर एसजीएलटी-२ ची सुरुवातीची उतरण घसरण म्हणून मोजली जाते.

जुन्या रिपोर्टांवर छापलेला ईजीएफआर उतरवून घेऊ नका. कुठे २००९ चं सूत्र असतं, कुठे त्याआधीचं. मूळ क्रिएटिनिन घ्या आणि सगळे आकडे एकाच सूत्राने नव्याने काढा.

जांभळं_झाकण

तक्त्याचे रकाने असे ठेवता येतील: तारीख, लॅब, क्रिएटिनिनची पद्धत, क्रिएटिनिन दोन दशांशांत, सिस्टॅटिन केलं असल्यास ते, अल्ब्युमिन गुणोत्तर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एचबीएवनसी, वजन, रक्तदाब, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ताप, संसर्ग, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, पाळी, नवं औषध.

अल्ब्युमिनसाठी सकाळची पहिली लघवी. ताप, लघवीचा संसर्ग, २४ तासांतला कडक व्यायाम, पाळी, फारच वाढलेली साखर किंवा रक्तदाब यांपैकी काही असेल तर पुढे ढकला. एकदा वाढलेलं आलं तर ३ ते ६ महिन्यांत मिळून तीन नमुने करा, त्यातले दोन वाढलेले असतील तरच पक्कं धरा. आणि अगदी कृश व्यक्तीच्या लघवीत क्रिएटिनिनच कमी असतं, भाजक लहान झाल्याने गुणोत्तर फुगतं. तिथे नुसतं गुणोत्तर न बघता लघवीतल्या अल्ब्युमिनचा आणि क्रिएटिनिनचा वेगवेगळा आकडाही लॅबकडून मागून घ्या, रिपोर्टवर छापला नसला तरी तो त्यांच्याकडे असतोच.